पासंग

वडील गेल्यावर दीड वर्षाने त्यांचं कपाट रिकामं करायला घेतलं. रद्दीवाला आला, दारातच उकिडवा बसला आणि आधी त्याने रिकामा तराजू उचलून धरला. एक पारडं किंचित खाली होतं. खिशातून एक लोखंडी नट काढून त्याने वरच्या पारड्याच्या दोरीत अडकवला, काटा सरळ झाला तसा माझ्याकडे बघून म्हणाला, "बघा साहेब, पासंग तुमच्यासमोर लावला. नंतर बोलायचं नाही." मग तोलणं सुरू झालं. त्याच्या हिशेबात जाती दोनच, पेपर आणि पुस्तकं. पेपरला किलोमागे भाव जास्त. सार्थ ज्ञानेश्वरी, रेल्वेचं कुठलंसं जुनं वेळापत्रक, दहावीची गाइडं, वडिलांनी पेन्सिलीने खुणा केलेले कायद्याचे ग्रंथ, सगळं एका पारड्यात. सब घोडे बारा टक्के.

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. तो माणूस पुस्तकाला एकच प्रश्न विचारत होता, तुझं वजन किती, आणि त्याचं उत्तर इमानदारीने मोजत होता. वडिलांच्या जमाखर्चाच्या डायऱ्या पारड्यात गेल्या तेव्हा मात्र माझा हात पुढे झाला. मी त्या काढून घेतल्या. त्याने तक्रार केली नाही, तेवढं वजन कमी धरलं.

मनात राहिला तो नट. दोन पारडी मुळात समतोल नसतील तर हलक्या बाजूला जे काही बांधतात, खडा, खिळा, चिंचेचा गोळा, तो पासंग. म्हणजे तराजूतला दोष भरून काढणारं वजन. गंमत अशी की एखादा माणूस दुसऱ्याच्या जवळपासही येत नाही हे सांगायचं तर आपण म्हणतो, "तो याच्या पासंगालाही पुरणार नाही." तुलनाच होऊ शकत नाही, हे सांगायलाही आपल्याला तराजूच लागतो.

जमीन आणि वीज, जीव आणि पैसा, स्वातंत्र्य आणि सुरक्षितता अशा जातीने वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत घालता येतात का, या प्रश्नावर गेली अडीच हजार वर्षं वाद चालू आहे. वादाचा इतिहास सहसा तराजूच्या बाजूने तरी सांगतात किंवा त्याच्या विरुद्ध. मला वाटतं, तो पासंगाच्या बाजूने वाचावा. असा तराजू ज्यांनी ज्यांनी बनवला, त्यांनी कुठे ना कुठे एक खडा बांधला आहे, आणि तराजूविषयी तो कारागिरापेक्षा जास्त सांगतो.

शब्दापासून सुरुवात करू. 'तुलना' हा शब्द 'तुला' म्हणजे तराजूच्याच घरातला. तुल्य, अतुल, तोल, तोलामोलाचा ही सगळी त्याच कुळातली मंडळी. आपल्याकडे दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहणं म्हणजे त्या उचलून, जोखून पाहणं. आणि जोखण्याची आपली सर्वांत नामी गोष्ट पुणे जिल्ह्यातली आहे. तुळापूर म्हटलं की आपल्याला संभाजीराजांचा शेवट आठवतो, पण गावाच्या नावामागे त्याच्या अर्धशतक आधीची, 1633 ची गोष्ट सांगतात. आदिलशाहीतला मुरार जगदेव भीमा-इंद्रायणीच्या संगमावर ग्रहणाच्या पर्वणीला तुलादान करायला आला. स्वतःची तुला झाल्यावर हत्तीच्या भाराइतकं दान करायचं त्याच्या मनात आलं. हत्ती मावेल असा तराजू कुठून आणणार? तोड शहाजीराजांनी काढली म्हणतात. हत्ती नावेत उभा करा, पाणी जिथवर चढेल तिथे खूण करा, हत्ती उतरवा, नाव त्या खुणेपर्यंत बुडेल इतके धोंडे भरा आणि मग धोंडे तोला. नागरगावचं तुळापूर झालं. (चीनमध्ये हीच युक्ती एका लहान मुलाच्या नावावर सांगतात. युक्ती चांगली असली की तिला बाप पुष्कळ मिळतात.)

नावेने हत्तीला सोंडेबद्दल काही विचारलं नाही, वयाबद्दल नाही. पाण्याला फक्त भार कळतो, म्हणून हत्ती आणि धोंडे एकमेकांच्या बरोबरीचे झाले. आणि त्यावरून हत्ती म्हणजे धोंडेच, असं संगमावरच्या कुणालाही वाटलं नाही. 1674 मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली, तेव्हा हजर असलेल्या हेन्री ऑक्सिंडेन या ईस्ट इंडिया कंपनीच्या इंग्रज वकिलाने ते सोनं सुमारे 16,000 होनांचं भरल्याचं लिहून ठेवलं. तो आकडा राजाची किंमत आहे असं त्या व्यापारी कंपनीच्या माणसालासुद्धा वाटलं नसावं. तुलादानात तोल असतो, मोल नसतं. गोंधळ पुढे झाला, तोलाला मोल समजण्याचा.

ग्रीकांना या अडचणीची पहिली चाहूल लागली ती बाजारात नाही, भूमितीत. चौरसाची बाजू आणि त्याचा कर्ण, दोन्ही शेवटी रेषाच. पण दोघींनाही नेमकं मोजेल असं एकही माप नाही, कितीही बारीक घ्या. बाजू नेमकी मोजली गेली की कर्ण थोडा उरतोच. आपल्या शाळेच्या पुस्तकात अशा संख्येला 'अपरिमेय' म्हणतात आणि आपण √2 घोकून पुढे जातो. पायथागोरसच्या पंथातल्या ज्याने हे गुपित फोडलं तो समुद्रात बुडाला, अशी दंतकथा आहे. खरीखोटी कशीही असो, धक्का केवढा होता ते कळतं. जग संख्यांचं बनलंय असं मानणाऱ्यांना एका साध्या चौरसात सामाईक माप नसलेली जोडी सापडली होती.

आपल्याकडे यज्ञवेदी रचणाऱ्यांना हाच कर्ण लागत होता. बौधायन शुल्बसूत्राने त्यासाठी एक रीत दिली. बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, मग त्या तिसऱ्याचा चौथा मिळवा, मग त्या चौथ्याचा चौतिसावा वजा करा. हिशेब 577/408 वर येतो आणि दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत बरोबर ठरतो. या कर्णाला तिथे नाव आहे 'सविशेष', म्हणजे काहीतरी अधिकउणं धरलेला. ग्रीकांनी माप नाही हे सिद्ध केलं. आपल्या वेदीकारांनी पासंग लावून वेदी बांधली आणि पासंग लावल्याचं नावातच सांगून टाकलं. दोन्ही रीती मला प्रामाणिक वाटतात.

भूमितीतली ही अडचण नीतीत आणली ती प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांनी, आणि दोघे दोन बाजूंना गेले. प्लेटोच्या 'प्रोटागोरस' या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की माणसाला सुखदुःखं मोजण्याची कला आली तर तो तरून जाईल. कसलेला वाणी जसा जवळचं-लांबचं न बघता तोलतो, तशी आजची आणि उद्याची सुखं दोन पारड्यांत घालावीत आणि जड तिकडे जावं. ॲरिस्टॉटलने मान हलवली. 'राज्यशास्त्रा'त तो विचारतो, उत्तम बासरी कुणाला द्यावी? चांगल्या वाजवणाऱ्याला. उंच माणसाला नाही, कुळवंतालाही नाही. उंचीचं एक माप संपत्तीच्या काही मापाशी बरोबरीचं ठरलं, तर मग सगळंच सगळ्याशी तोलता येईल, आणि ते अशक्य आहे असं तो म्हणतो. पण बाजाराचं काय? तिथे तर जोडे देऊन घर घेता येतंच. त्यावरचं त्याचं उत्तर मला फार आवडतं. इतक्या भिन्न वस्तूंना खरं सामाईक माप असूच शकत नाही, मात्र गरजेपुरतं चालवून घेता येतं, आणि पैसा म्हणजे त्या गरजेचा ठरावाने नेमलेला प्रतिनिधी. ठराव माणसांनी केला, माणसं तो मोडूही शकतात.

पण तत्त्वज्ञ बोलायला लागण्याच्या आधीपासून एका जागी हा तराजू राजरोस चालू होता, आणि तिथे पारड्यात माणूस होता.

आपस्तंब आणि बौधायन या दोन्ही धर्मसूत्रांत क्षत्रियाच्या हत्येसाठी हजार गाई, वैश्याच्या हत्येसाठी शंभर, शूद्राच्या हत्येसाठी दहा असा दर आहे. आपस्तंब कारणही देतो, वैरयातन, म्हणजे वैर फेडून टाकणं. इकडे हे, तर तिकडे इंग्लंडच्या केंट प्रांतात राजा एथेलबर्ट याने सन 600 च्या आसपास आपल्या कायद्यात अवयवांची यादीच दिली. अंगठा तुटला तर 20 शिलिंग, नुसतं अंगठ्याचं नख गेलं तर 3, समोरचा दात 6. वाचताना हसू येतं, पण यादीमागे रडणं आहे. यादी नसती तर दाताला दात आणि मग दोन्ही घराण्यांतला शेवटचा पुरुष संपेपर्यंत सूड. एका मापाचा तराजू पहिल्यांदा बनला तो लोभापायी नाही, रक्तपात थांबवायला. माणसाच्या जिवाची किंमत करणं हा रानटीपणा, असं आपण पटकन म्हणतो. त्या काळी रानटीपणाला हाच उतारा होता.

आणि तरीही तोच हजार-शंभर-दहा हा दर बघा. वैर फेडण्याच्या तराजूने फेडता फेडता आणखी एक काम उरकलं, माणसांची उतरंड आकड्यात मांडून ठेवली. ब्राह्मणाची हत्या तर या दरपत्रकातच नाही, तिचं प्रायश्चित्त वेगळं आणि गाईंनी न भागणारं. एक जण तोलाच्या वर, बाकीचे एकाच तराजूत पण शंभरपट अंतरावर. 25 नोव्हेंबर 1949 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत बजावलं की राजकारणात आपण एका माणसाला एक मत आणि एका मताला एक मूल्य देऊ, पण समाजात आणि अर्थव्यवहारात एका माणसाचं एक मूल्य नाकारतच राहू. ते मला या दरपत्रकाला दिलेलं उत्तर वाटतं. एकाच मापाने मोजण्याची मागणी नेहमी वाण्याचीच असते असं नाही. दहा गाईंच्या खात्यात ज्याला टाकलं गेलं, त्याचीही ती असते.

पासंग कुठे आहे इथे? आपस्तंबाच्या त्याच सूत्रात. हजार असोत, शंभर असोत की दहा, प्रत्येक वेळी गाईंच्या वर एक बैल अधिक द्यायचा, प्रायश्चित्तासाठी. गाईंनी वैर फिटलं, मग बैल कशाचा? हिशेब पुरा झाल्यावरही काही उरतं, याची ती कबुली आहे. हजारामागेही एकच बैल आणि दहामागेही एकच. गाईंच्या संख्येत उतरंड होती, बैलात नव्हती. सूत्रकाराच्या मनात तेव्हा काय होतं हे मला सांगता येणार नाही, पण त्या एका बैलापुढे मी फार वेळ थांबतो.

अठराव्या शतकात जेरेमी बेंथमने हा तराजू पुन्हा घडवला, या वेळी पासंगाशिवाय. निदान त्याचा दावा तसा होता. 1789 च्या ग्रंथात त्याने सुखाची सात मापं सांगितली, त्यात तीव्रता, टिकाऊपणा, खात्री, जवळीक आणि किती जणांना मिळतं ही मापं होती. सगळ्यांची बेरीज करा, दुःख वजा करा, कायदा ठरवा. त्यात राजाचं सुख आणि झाडूवाल्याचं सुख एकाच भावाचं. हजार-शंभर-दहा पुसून टाकणारी ही कल्पना होती आणि तिचं हे देणं मी कधी विसरू नये असं मला वाटतं. पुढे शिष्याच्या मुलालाच ती जड गेली. जॉन स्टुअर्ट मिलने 1861 मध्ये सुखात उच्च-नीच प्रती पाडल्या आणि कुठलं वरचं हे दोन्ही चाखलेल्या माणसाला विचारा म्हणाला. तराजू राहिला, शेजारी एक जाणकार बसवला.

मिलचे वडील जेम्स मिल लंडनच्या इंडिया हाउसमध्ये कंपनीचे महसुली खलिते लिहीत. तिथून हा तराजू थेट पुणे जिल्ह्यात उतरला. रॉबर्ट कीथ प्रिंगल हा तरुण अधिकारी हेलीबरीच्या कॉलेजात माल्थसच्या हाताखाली अर्थशास्त्र शिकून आला होता. पुढे त्याने दख्खनची पाहणी केली. प्रत्येक जातीच्या जमिनीत पीक किती येतं, त्यातून बैल, बी, मजुरी यांचा खर्च वजा जाता निव्वळ किती उरतं, आणि त्या निव्वळाचे 55 टक्के सरकारचे. कागदावर यापेक्षा न्याय्य काय असणार? गावाची वहिवाट, पाटलाची भीड, जुनी मेहेरनजर, सगळं बाजूला सारून एकच माप. पण आकडे गोळा करणारी माणसं विकली जाणारी होती, निव्वळ उत्पन्न म्हणजे काय ते ठरवणं अशक्य होतं, वर धान्याचे भाव पडले. शेतं ओस पडली, लोक शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेले आणि वसुलीसाठी झालेल्या छळाच्या कहाण्या खुद्द सरकारच्या अहवालांत आल्या.

मग गोल्डस्मिड आणि विंगेट हे दोघे इंग्रज अधिकारी इंदापूरला आले. 1836 पासून त्यांनी जी पद्धत बसवली, तीच पुढे मुंबई इलाख्याची झाली. जमिनीची प्रत त्यांनी आण्यांत लावली. पावणेदोन हात खोल काळी कसदार माती ती सोळा आणे, मग चौदा, बारा, अशी उतरत शेवटची दोन आण्यांची. चुनखडी असली, वाळू असली, उतार असला की एकेक पायरी खाली. 'सोळा आणे खरं' असं आपण अजून म्हणतो. पीकपाण्याची 'आणेवारी' तर रुपयाचे शंभर पैसे झाल्यावर 'पैसेवारी' झाली आणि पन्नास पैशांच्या आत आली की मराठवाड्यातल्या माणसाला दुष्काळ हा शब्द वेगळा उच्चारावा लागत नाही. शेतकऱ्याचं सगळं वर्ष एका आकड्यात.

पण या दोघांनी प्रिंगलपेक्षा वेगळं काय केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. आणे सांगत होते ते एवढंच, की हे शेत त्या शेताच्या मानाने कसं. दहा आण्यांचं शेत पाच आण्यांच्या दुप्पट. मुळात सारा किती घ्यायचा, हे कुठल्याच सूत्रातून येत नव्हतं. त्यासाठी ते मागच्या वसुलीचे कागद बघत, बाजार किती कोसांवर आहे, पाऊस कसा पडतो, लोकांची अवस्था काय आहे हे पाहत, आणि मग अनुभवाने एक दर ठरवत. तो ठरवताना सिद्धान्त चालवायचा नाही, हा धडा प्रिंगलने त्यांना फुकट दिला होता. तराजू तुलनेसाठी, दर माणसाच्या समजेने. ही पद्धत प्रिंगलच्या पद्धतीपेक्षा खूप जास्त टिकली.

विसाव्या शतकातली खर्च-लाभाची गणितं मी भरभर सांगतो, कारण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा होते. अमेरिकेत 1936 च्या पूरनियंत्रण कायद्याने अट घातली की लाभ कुणालाही होवो, तो खर्चापेक्षा जास्त असला पाहिजे. तेव्हापासून धरणं, रस्ते, विमानतळ सगळे या चाळणीतून गेले. लंडनच्या तिसऱ्या विमानतळासाठी 1968 मध्ये नेमलेल्या रॉस्किल आयोगाने तर प्रवाशांच्या वाया जाणाऱ्या मिनिटांनासुद्धा पौंडांत बसवलं. वाटेत स्ट्यूकली गावचं बाराव्या शतकातलं चर्च आलं. त्याची किंमत काय धरायची? त्याच्या आगीच्या विम्याची रक्कम. सगळा देश हसला. आयोगाने 1971 मध्ये निवडलेली जागा सरकारने नाकारली, दुसरी घेतली आणि 1974 मध्ये तीही सोडून दिली. हसणाऱ्यांना मी एक विचारीन, विम्याची रक्कम नको तर शून्य धरायचं का? आकडा लावला की विटंबना आणि नाही लावला की हिशेबातच नाही, या कात्रीत ते चर्च सापडलं होतं, आणि अशी चर्चं, देवराया, नदीकाठचे घाट आपल्याकडेही कमी नाहीत.

तराजूच नाकारणाऱ्या तत्त्वज्ञांत आयझाया बर्लिन मोठे. 1958 च्या व्याख्यानात त्यांनी सांगितलं की समतेसाठी स्वातंत्र्य सोडावं लागलं तर कदाचित सोडावंही, पण त्याने स्वातंत्र्य वाढलं असं म्हणू नये. तोटा तो तोटाच, दुसऱ्या खात्यात जमा दाखवून तो पुसला जात नाही. पण तराजूची खरी परीक्षा बर्लिननी घेतली नाही. ती जोसेफ राझ यांच्या 1986 च्या ग्रंथात आहे, आणि तिच्यात हातात धरलेला आहे तो पासंगच.

समजा कुडाळच्या एका परिचारिकेपुढे दोन वाटा आहेत. एक मस्कतच्या रुग्णालयातली नोकरी, दुसरी गावच्या दवाखान्यातली, आई जवळ. तिला विचारलं, कुठली बरी? म्हणते, दोन्ही आपापल्या जागी. मग दोन्ही सारख्याच का? सारख्या असतील, पारडी खरंच समतोल असतील, तर एका बाजूला पासंगाएवढं काही टाकलं की ती झुकलीच पाहिजे. म्हणून मस्कतचा पगार दोन हजारांनी वाढवा. आता मस्कत आधीच्या मस्कतपेक्षा नक्की बरं झालं. पण ती हसते आणि म्हणते, दोन हजारांनी काय ठरणार आहे? दोन्ही आपापल्या जागीच. म्हणजे ती पारडी समतोल नव्हती. वरखालीही नव्हती. तिथे तराजूच नव्हता. यावर आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. तराजू असेल, पण रद्दीवाल्याच्या तराजूसारखा मोघम. पन्नास ग्रॅम त्याला कळतच नाहीत. पगार दसपट करा, मग बघा ती काय म्हणते. रूथ चँग यांनी तिसरीच वाट काढली. जास्त, कमी आणि समान या तिघांखेरीज एक चौथं नातं असतं, तोडीस तोड असण्याचं, असं त्या म्हणतात. आपल्या भाषेत हा शब्द आधीपासून आहे आणि तो आपण पैलवानांसाठी राखून ठेवला आहे.

राझ यांचं आणखी एक म्हणणं माझ्या डोक्यातून जात नाही. मैत्री आणि पैसा यांचा विनिमयदर काढायला नकार देणं, हा मैत्रीचाच एक भाग आहे. मित्राच्या सहवासाचा तासाचा भाव ज्याने मनात ठरवला, त्याची मैत्री महाग नसते, ती नसतेच. आणि तरी नोकरीसाठी गाव सोडून जाणाऱ्या मित्राने मैत्री विकली असं आपण म्हणत नाही. निवड होते, हिशेब होत नाही.

हे सगळं पुस्तकात ठीक, पण कायद्याला हिशेब करावाच लागतो. 1894 चा भूसंपादन कायदा घ्या. जमिनीचा बाजारभाव काढायचा, आणि कलम 23 प्रमाणे त्यावर 15 टक्के जास्त द्यायचे. का? संपादन सक्तीचं आहे म्हणून. महसुली मराठीत याला दिलासा रक्कम म्हणतात. बाजारभावात जे बसलं नाही, पण आहे हे सरकारलाही कळत होतं, त्याचा हा पासंग. पुढच्याच कलमात, 24 मध्ये, भरपाई ठरवताना काय विचारात घ्यायचं नाही याची यादी आहे. तिच्यात एक बाब अशी, जमीन सोडायला मालकाची असलेली नाखुशी. म्हणजे नाखुशी तोलायची नाही असं एका कलमाने सांगितलं आणि ती सर्वांना सारखीच, शेकडा पंधरा, हे आधीच्या कलमाने ठरवून टाकलं. आपस्तंबाचा बैल पुन्हा उभा राहिला.

याच कायद्याखाली टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळशी पेट्यातली जमीन घ्यायला सुरुवात झाली, आणि 16 एप्रिल 1921 च्या रामनवमीला तिथे सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांच्या आंदोलनाची घोषणा होती 'जान किंवा जमीन'. एका बाजूला मुंबईच्या गिरण्यांची वीज, दुसऱ्या बाजूला आंबेमोहोराची खाचरं, असा तराजू सरकार मांडत होतं. पण दुसऱ्या बाजूलाही एकच माणूस नव्हता. बरीच जमीन पुण्याच्या सावकारांच्या नावावर होती. त्यांना भाव हवा होता, कसणाऱ्या मावळ्यांना जमीन. सावकारांच्या बाबतीत तराजू चाललाही, भरपाई वाढली की त्यांची नाखुशी उतरत गेली. मावळ्यांच्या घोषणेत मात्र दोन पारडी होती आणि वजन एकही नव्हतं. धरण झालं.

अर्ध्या शतकानंतर नर्मदा जलतंटा लवादाने 1979 मध्ये वेगळा विचार केला. जमीन गेली तर पैसा नाही, जमीन. पाव हिश्शाहून जास्त जमीन गमावणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर. निवाडा देणाऱ्यांनी जातीने वेगळ्या गोष्टी तोलायच्याच टाळल्या, दोन्ही पारड्यांत एकच जिन्नस ठेवला. अक्कलकुवा आणि धडगावकडची महाराष्ट्राची 33 गावं या निवाड्यात येत होती. पण त्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या नाव सातबाऱ्यावर नसताना कसत असलेले लोक होते. कागदावर ते अतिक्रमणदार. जमिनीला जमीन हा न्याय जमीन असलेल्यांचा, म्हणून त्यांचं वजन सुरुवातीला शून्य भरलं. एकाच मापाचा तराजू टाळला तरी पारड्यात कोण चढणार, हा प्रश्न सुटत नाही.

दिलासा रक्कम 1984 मध्ये 15 वरून 30 टक्के झाली. 2013 च्या नव्या कायद्याने ती 100 टक्के केली. रद्दीवाल्याने एक किलो पुस्तकं तोलताना एक किलोचा नट लावला असता, तर मी त्याला तराजू बदलायला सांगितलं असतं. त्या कायद्यात मात्र आणखी एक तरतूद आहे. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी 80 टक्क्यांची आधी संमती हवी, सरकार आणि खासगी भागीदारी असेल तर 70 टक्क्यांची. एकशे एकोणीस वर्षांपूर्वी विचारात घ्यायला मनाई असलेली नाखुशी कायद्यात परत आली, पण पारड्यात नाही. ती आता रुपयांत भरत नाहीत, डोक्यांनी मोजतात. अनुसूचित क्षेत्रांत ग्रामसभेला विचारावं लागतं. बाकी ठिकाणी सरकार स्वतःच्याच प्रकल्पासाठी जमीन घेत असेल, तर या संमतीची गरज नाही.